लाल फडक्यातलं बिल्बाओ

१

"जगाच्या पाठीवर अशी संस्था एकच आहे, की जिनं शहाऐंशी वर्षांत परका माणूस उंबऱ्याच्या आत घेतलेला नाही," बळवंतराव घोडके म्हणाले, "आणि दुसरी आज संध्याकाळी आपण करणार आहोत!"

एवढं बोलून त्यांनी टेबलावरचं लाल फडकं सोडलं, चष्मा नाकावर चढवला आणि आतलं पहिलं पान खणखणीत आवाजात वाचलं :

"फुलेरा जंक्शन. आगमन सहा चाळीस. जलपानाची सोय आहे."

संध्याकाळच्या तालमीला जमलेले आम्ही कार्यकारिणीचे लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. हात हवेतच राहिले.

बळवंतरावांनी पान उलटलं. पुढे सांभर लेक होतं. मग मात्र ते मटकन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चोरी."

पंच्याऐंशी सालची संक्रांत होती. जयपुरात संक्रांतीला माणसं जमिनीवर राहत नाहीत. अख्खं शहर गच्चीवर पतंग उडवत असतं, आणि दर मिनिटाला कुठून तरी "वो काटा!" अशी आरोळी येते. आमच्या रेल्वे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळही सकाळपासून गच्चीवर होतं. खाली सभागृहात फक्त एक टेबल होतं, टेबलावर लाल फडकं, आणि फडक्यात बळवंतरावांची वही : एकशे चाळीस पानांचा, स्वहस्ते लिहिलेला, स्पेनमधल्या बिल्बाओ शहराच्या ॲथलेटिक क्लबचा इतिहास. सकाळी आठ वाजता अध्यक्षांनी जर्सीच्या पिशवीतून ती बाहेर काढून तिला हळदकुंकू वाहिलं होतं. बारा वाजता तिच्या जागी रेल्वेचं टाइमटेबल निघालं.

जयपुरातल्या यार्डमास्तरानं स्पेनमधल्या फुटबॉल क्लबचा इतिहास का लिहावा, हा प्रश्न कोणालाही पडेल. आम्हालाही पडला होता. आम्ही विचारला नाही एवढंच. मंडळाचा एक फुटबॉल संघ होता. बळवंतरावांनी कुठल्याशा क्रीडा मासिकात वाचलं, की बिल्बाओचा हा क्लब फक्त आपल्या मुलखातलेच खेळाडू घेतो आणि तरी लागोपाठ दोन वर्षं स्पेनचा विजेता ठरला. त्या दिवसापासून त्यांना झोप नव्हती. बासरी वाजवणारा कृष्ण काढून त्यांनी बैठकीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या अकरा स्पॅनिश माणसांचा फोटो लावला. संघाच्या जर्सी गादीच्या पट्टेरी कापडातून शिवून घेतल्या. आणि ठराव तयार केला : मंडळाच्या संघात यापुढे फक्त शुद्ध मराठी खेळाडू.

संध्याकाळी पाच वाजता आधी इतिहासाचं वाचन, मग ठराव, मग तिळगूळ असा क्रम होता.

ठरावानं एकच माणूस बाहेर जात होता. आमचा गोलकीपर सुखदेव. वडील दशरथ पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, मूळचे भुसावळचे. आई द्वारका मात्र इथलीच, जयपूरजवळच्या चाकसूची. सुखदेव बावीस वर्षांचा, इंजिनांच्या लोको शेडमध्ये बदली खलाशी, म्हणजे कच्ची नोकरी. सव्वीस जानेवारीला अजमेरच्या संघाशी सामना होता, आणि तो बघायला डिव्हिजनचे क्रीडा अधिकारी येणार होते. खेळाडूंच्या कोट्यातून एक कायम नोकरी होती. सुखदेव गोलात उभा राहिला तर त्याची, नाहीतर कोणाची तरी.

"हे बघा!" बळवंतराव ओरडले. त्यांनी टेबलाखालून एक वस्तू उचलली. जाड, काळपट चामड्याचा हातमोजा. एका निवृत्त फायरमननं इंजिनात कोळसा टाकायचे आपले हातमोजे सुखदेवला दिले होते. तेच घालून तो गोल राखायचा.

"चोर पुरावा ठेवून गेला," बळवंतराव म्हणाले. "पाचच्या आत वही मिळाली नाही, तर पोलिसात जातो. आणि शेडमध्येही कळवतो."

२

तपास करायचा कोणी? आनंदराव चिटणीस म्हणाले, "इंदुबाईंना बोलवा. वीस वर्षं चौकशीवर होत्या."

हे खरं होतं. इंदुबाई वाघमारे वीस वर्षं जयपूर स्टेशनच्या चौकशी खिडकीत बसल्या होत्या. 'अहमदाबाद मेल कधी' याच्या पलीकडची चौकशी त्यांनी केल्याचं ऐकिवात नव्हतं. पण मंडळात एवढ्या अनुभवाचं दुसरं माणूस नव्हतं.

इंदुबाई गच्चीवरून आल्या त्या स्वेटरवर शाल, शालीवर मफलर अशा. "जयभीम," म्हणाल्या, खुर्ची ओढून बसल्या, आणि आधी टाइमटेबल हातात घेतलं. वीस वर्षांच्या सवयीनं त्या ते वाचतच बसल्या.

"बाई, वही," मी आठवण केली. मी प्रभाकर, मंडळाचा सहचिटणीस. म्हणजे खुर्च्या मांडणारा.

"शहात्तरचं आहे," इंदुबाई म्हणाल्या. "यातली बांदीकुईची पॅसेंजर कधीच बंद झाली. अंगावर बोटभर धूळ. आणि आत आपल्याच मंडळाच्या वाचनालयाचा शिक्का." त्यांनी ते पुस्तक बाजूला ठेवलं. "वहीत काय होतं, कोणी ऐकलंय?"

ऐकलं सगळ्यांनीच होतं. बळवंतराव प्रत्येक प्रकरण लिहून झालं, की ज्याच्या घरी चहा असेल तिथे वाचून दाखवत.

"थोडं सांगा की."

बळवंतरावांनी चष्मा पुसला. "काय सांगू इंदुबाई! त्या मैदानाला नऊशे त्रेपन्न खिडक्या आहेत. राण्यांना सामना दिसावा, पण राण्या कोणाला दिसू नयेत म्हणून. मैदानापासून डोंगरावरच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे. हरलेला संघ त्यातून जायचा. आणि जर्सीचा रंग! इंग्लंडचा राजपुत्र येणार म्हणून सगळं शहर एका रात्रीत लाल-पांढरं रंगवलं, तोच रंग पुढे जर्सीत आला."

इंदुबाईंनी मफलर कानावरून काढला.

"राण्यांच्या खिडक्या किती म्हणालात?"

"नऊशे त्रेपन्न."

"मोजून?"

"मूळ ग्रंथ स्पॅनिशमध्ये आहे," बळवंतराव दुखावून म्हणाले. "आपल्या जयंतानं वाचून सांगितलं, मी लिहिलं."

जयंत म्हणजे आनंदरावांचा पुतण्या. परदेशी पाहुण्यांचा गाइड. बिल्बाओच्या एका प्रवाशानं त्याला तो सचित्र ग्रंथ भेट दिला होता. कॉलनीत स्पॅनिश येणारा तेवढा एकच.

"प्रभाकरराव," इंदुबाई हळूच मला म्हणाल्या, "तुम्ही हवामहाल आतून पाहिलाय?"

"नाही बुवा. रोज बाहेरून दिसतो की."

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "एकेकाला आत पाठवा. आणि येताना हात धुवू नका म्हणावं."

३

पहिले आनंदराव. त्यांच्या तीन बोटांना चिकटपट्टी होती.

"मांजा," ते म्हणाले. "सकाळपासून गच्चीवरून हललो नाही. विचारा कोणालाही."

"संध्याकाळी तुमचं नाट्यगीत होतं ना?"

"होतं! एकशे चाळीस पानांच्या वाचनानंतर होतं. म्हणजे उद्या सकाळी सातला." आनंदरावांनी श्वास घेतला. "पण म्हणून मी चोरी करीन? फुटबॉल हा प्रकार मला आवडत नाही, हे मी लपवत नाही. बावीस माणसं एका चेंडूसाठी भांडतात. प्रत्येकाला एकेक द्या, मिटलं. पण वहीला मी हात लावलेला नाही. उलट मीच आज कार्यक्रमाची शोभा वाढवली. माझा मेहुणा रंगनाथ प्रमुख पाहुणा म्हणून येतोय."

"हे कधी ठरलं?"

"आज! साडेआठला तार आली. जहाजावर इंजिनियर आहे तो. गेल्या वर्षी दुरुस्तीसाठी त्याचं जहाज दोन महिने बिल्बाओच्या बंदरात पडून होतं. तिथली भाषा बोलतो. मी सगळ्यात आधी जयंताला सांगितलं. म्हटलं, लेका, तुला स्पॅनिशमध्ये गप्पा मारायला माणूस मिळाला. इतका आनंद झाला पोराला, सगळा चहा सांडला अंगावर."

"अध्यक्षांना?"

"अकराला सांगितलं. तेही खूश झाले, पण चहा सांडला नाही."

इंदुबाईंनी मान डोलावली. दार उघडून बळवंतरावांच्या पत्नी मालनकाकू आत आल्या. गुळाच्या पाकाची कढई चामड्याच्या जाड धिरड्यासारख्या कशानं तरी धरली होती. "टेबल रिकामं करा आधी, हात भाजला माझा! आतल्या खोलीत ठेवू का? चौकशी चालू दे तुमची." आणि कढईसकट त्या मंडळाच्या स्वयंपाकघरात गेल्या.

सुखदेव आला तो दारातच उभा राहिला.

"मी चोरी नाही केली, मावशी. मतलब, मला कशाला पाहिजे वही? मला वाचता पण नीट येत नाही मराठी. हिंदी स्कूल होतं ना."

"हातमोजा तुझाच ना?"

"माझाच. पण मी दिले ते. काल काका बोलले, ठराव पास होणार, जर्सी जमा कर. मी जर्सी दिली, दोन्ही हातमोजे पण दिले. काकांच्याच घरी. काकूंच्या हातात."

"जर्सी मंडळाची. हातमोजे तर तुझे होते."

सुखदेवनं खाली बघितलं. "गोल नाही तर हातमोजे काय करू, मावशी? भाकरी भाजू?"

"आईला सांगितलंस?"

"नाही. ती म्हणेल माझ्यामुळे झालं."

इंदुबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "हात दाखव."

सुखदेवनं हात पुढे केले. दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांवर मांज्यानं कापल्याच्या बारीक लाल रेघा होत्या. ताज्या, एकीवर एक.

"जा," इंदुबाई म्हणाल्या. "पण लांब जाऊ नको. पाचला लागशील."

४

जयंत आत आला आणि त्यानं सवयीनं हात जोडून थोडं झुकून स्वागत केलं. स्वागत आम्ही करायला हवं होतं. शर्टावर चहाचा डाग होता, ओठांवर व्यावसायिक हसू.

"विचारा मावशी, बेधडक विचारा. वही गेली याचं सगळ्यात जास्त दुःख मला आहे. तीन महिने रोज संध्याकाळी बसलोय मी काकांबरोबर."

"सकाळी कुठे होतास?"

"पाण्याच्या टाकीच्या पलीकडल्या गच्चीवर. पतंग. अकरा कापले!"

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"फिरकी कोणी धरली?"

"फिरकी... पायात धरली होती."

"हुशार आहेस," इंदुबाई म्हणाल्या. "हे घे." आणि त्याच्या तळहातावर तिळाची वडी ठेवली. ठेवताना बोटं निरखून घेतली. मीही बघितली. लग्नाची मुलगी बघायला निघालेल्या मुलाची असावीत तशी स्वच्छ, गुळगुळीत.

"काकांना स्पॅनिशमधून वाचून दाखवायचास ते शब्दाला शब्द?"

"भावार्थ, मावशी. शब्दाला शब्द रुक्ष होतं."

"बरं. पुढच्या महिन्यात माझी भाची येतेय सोलापूरहून. हवामहाल दाखवशील ना?"

जयंत खुलला. "असं विचारता काय! एकदम डिटेलमध्ये दाखवतो. नऊशे त्रेपन्न..."

तो थांबला. गच्चीवरून मोठी आरोळी आली : "वो काटा!"

"जा," इंदुबाई म्हणाल्या.

तो गेल्यावर मी म्हणालो, "बाई, आता बळवंतरावांना सांगायचं ना?"

"प्रमुख पाहुणे येऊ द्या," त्या म्हणाल्या. "गाडी राइट टाइम असेल तर साडेचारला येतील."

"आणि नसेल तर?"

इंदुबाईंनी माझ्याकडे बघितलं. तो प्रश्न त्यांना विचारायचं वीस वर्षांत कोणीही सोडलं नव्हतं.

५

गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. बळवंतरावांनी पोलिसात जायला कोट घातला होता. तो तसाच घालून त्यांनी पाहुण्यांना हार घातला. सभागृह भरलं. मागच्या रांगेत सुखदेव भिंतीला टेकून उभा होता. शेजारी, डोक्यावरून ओढणी घेतलेली द्वारका. तिला बातमी लागली होती.

इंदुबाई उठल्या. त्यांना भाषण येत नव्हतं. त्या खिडकीत बसल्यासारख्या बोलल्या.

"प्रभाकरराव, हे टाइमटेबल वाचनालयात ज्या जागेवर होतं तिथं नेऊन ठेवा. जागा रिकामी नसेल तर जे असेल ते घेऊन या."

वाचनालय म्हणजे जिन्याखालचं कपाट. मी अकरा वर्षं सहचिटणीस आहे. ते कपाट उघडण्याचा प्रसंग पहिलाच. आत सगळीकडे धूळ होती. फक्त मधल्या फळीवर एक चौकोनी जागा साफ होती, आणि त्या जागेवर हळदकुंकू लावलेली वही बसली होती.

मी ती घेऊन आलो तेव्हा बळवंतराव खुर्चीवरून उठून परत बसले.

"चोराला घाई होती," इंदुबाई म्हणाल्या. "त्यानं वहीच्या जाडीचं पुस्तक आणलं आणि त्याच्या जागी वही ठेवली. आपल्या मंडळात लपवायला याहून चांगली जागा नाही. आपली माणसं दोन ठिकाणी कधी जात नाहीत. एक आपलं वाचनालय. दुसरा हवामहाल."

सभागृहात चुळबुळ झाली.

"रेल्वेच्या पासवर माझे आजवर एक्केचाळीस पाहुणे आले," त्या पुढे म्हणाल्या. "तुमचेही येतात. तुम्ही त्यांना जयंताबरोबर लावून देता आणि घरी झोपता. मी प्रत्येक वेळी बरोबर गेले. जयंताचं सगळं मला पाठ आहे. नऊशे त्रेपन्न खिडक्या हवामहालाच्या. भुयार आमेरचं. आणि राजपुत्रासाठी रंगवलेलं शहर हे, ज्यात आपण बसलोय."

बळवंतरावांनी वहीकडे बघितलं, मग जयंताकडे.

"तुला स्पॅनिश येतं ना रे?"

"येतं काका," जयंत कसनुसा म्हणाला. "म्हणजे... या. बसा. पायरी सांभाळा. हत्ती चावत नाही. एवढं येतं."

"मग तीन महिने?"

"तुम्ही इतकं मनापासून विचारायचात, काका! नाही म्हणवेना. गाइडला 'माहीत नाही' म्हणायची परवानगी नसते. आज सकाळी कळलं, रंगनाथमामा येणार, ते बिल्बाओत राहिलेत. म्हटलं, सगळ्यांच्या देखत तुमचं हसं होईल. टाइमटेबल ठेवलं, वही लपवली. सुखदेववर जाईल असं देवाशप्पथ वाटलं नव्हतं."

"मग हातमोजा?" आनंदराव म्हणाले.

"तो अध्यक्षांनीच आणला," इंदुबाई म्हणाल्या. "काल सुखदेवनं जर्सी आणि हातमोजे त्यांच्या घरी जमा केले. सकाळी त्यांनी वही आणि ते सगळं एकाच पिशवीतून इथं आणलं. मोजा टेबलाखाली पडला. वर हा मुलगा सकाळभर उघड्या हातानं पतंग उडवत होता. त्याची बोटं बघा. हातमोजे जवळ असते तर एवढी कापली असती का?"

द्वारकानं सुखदेवचा हात धरून बघितला, तोंडातल्या तोंडात मारवाडीत काहीतरी म्हणाली आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. बहुधा मलम न लावल्याबद्दल.

६

"पण क्लब तर आहे ना?" बळवंतराव अगदी लहान आवाजात म्हणाले. "रंगनाथराव, एवढं तरी सांगा. क्लब आहे?"

"आहे तर!" रंगनाथ म्हणाले. "गेल्या मे महिन्यात जिंकले तेव्हा नदीतून मोठ्या पडावावर मिरवणूक निघाली. दोन्ही काठांवर सगळं गाव. आमच्या जहाजाचे भोंगे आम्हीही वाजवले."

"आणि परका माणूस घेत नाहीत?"

"आता घेत नाहीत." रंगनाथांनी घसा साफ केला. "पण सुरुवात तिथल्या इंग्रजांनीच केली. खाणीत, गोदीत कामाला आलेले इंग्रज, आणि इंग्लंडात शिकून आलेली गावातली मुलं. ॲथलेटिक हे नावसुद्धा इंग्रजी. पहिल्या काही वर्षांत इंग्रज खेळायचेही."

बळवंतरावांनी वही टेबलावर पालथी ठेवली.

"जर्सी तरी?"

"तीही इंग्लंडातून आणलेली. एक जण आणायला गेला, तिथल्या एका बंदराच्या गावी लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या मिळाल्या, घेऊन आला."

"आणि मैदानाचं नाव?"

"एका संताचं. त्याला सिंहांपुढे टाकलं होतं, सिंहांनी खाल्लं नाही. म्हणून खेळाडूंना सिंह म्हणतात."

"हे मात्र मला थापेसारखं वाटतं," बळवंतराव म्हणाले. "खिडक्या पटल्या होत्या."

"पण मग आपलं कोण, हे ते ठरवतात कसं?" इंदुबाईंनी विचारलं.

"यावर दारूच्या गुत्त्यात मी रोज मारामारी बघितली," रंगनाथ म्हणाले. "मला एका म्हाताऱ्यानं सांगितलं ते असं : तिथं जन्मला तो आपला, आणि बाहेर जन्मून तिथं खेळायला शिकला तोही आपलाच."

इंदुबाई बळवंतरावांकडे वळल्या. "अध्यक्ष, तुमचा जन्म कुठला?"

"इटारसी," बळवंतराव पुटपुटले. "रेल्वे हॉस्पिटल."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. बळवंतराव उठले. खिशातून ठरावाचा कागद काढला, घडी घालून परत खिशात ठेवला, आणि आवाज पुन्हा खणखणीत झाला.

"मंडळाच्या संघाचा आजपासून नियम : आमच्या कॉलनीच्या मैदानावर ज्याचे गुडघे फुटले, तो आमचा! सुखदेव सव्वीस तारखेला गोलात उभा राहील. त्याची नोकरी हा मंडळाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. खऱ्या इतिहासाचा पहिला खंड रंगनाथराव सांगतील, मी लिहीन. आणि जयंत समस्त कार्यकारिणीला हवामहाल आतून दाखवील!"

"त्यांच्याकडे अजून एक पद्धत आहे," रंगनाथ म्हणाले. "खूप गोल मारणाऱ्या एका जुन्या खेळाडूचा अर्धपुतळा आहे मैदानात. नवा संघ पहिल्यांदा आला, की तिथं फुलं वाहतो."

"अर्धपुतळा!" बळवंतरावांचे डोळे चमकले. "अजमेरवाल्यांना फुलं आणायला कळवा. आता प्रश्न एवढाच, की पुतळा कोणाचा?"

ते इतक्या नम्रपणे छताकडे बघू लागले, की उत्तर द्यायची कोणाला गरज वाटली नाही. टाळ्या झाल्या. आनंदराव नाट्यगीतासाठी पेटीजवळ सरकले. बळवंतराव हात पसरून मागच्या रांगेकडे गेले आणि त्यांनी सुखदेवला सगळ्यांसमोर मिठी मारली.

"बोल बेटा! आज माग काय ते. मंडळ तुझं आहे."

सुखदेव लाजला. त्यानं आईकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"काही नाही, काका. मतलब, घाई नाही... पण काकूंचा पाक झाला असेल, तर दुसरा हातमोजा मिळेल का?"